बालवाडीच्या वयातल्या अडचणी : एका अभ्यासक्षेत्राची प्रस्तावना

तीन-साडेतीन वर्षांचं मूल बालवाडीत शेजारच्याला चावतं. जेवायला बसवलं की ताट ढकलतं. आई दाराबाहेर गेली की भोकाड पसरतं ते तासभर थांबत नाही. घरचे आजीला विचारतात, शेजारणीला विचारतात, लस टोचायला गेले की जाता जाता डॉक्टरांनाही विचारतात आणि बहुतेक वेळा दोनपैकी एक उत्तर घेऊन परततात. 'या वयात सगळीच अशी असतात, मोठं झालं की सुटेल,' हे एक आणि 'तुम्हीच लाडावून ठेवलंय,' हे दुसरं. पहिल्या उत्तरात पुष्कळ तथ्य आहे, दुसऱ्यात थोडंफार. पण दोन्हींपाशी विचार खुंटतो. कुठल्या मुलाचं सुटेल, कुठल्याचं पुढे चालू राहील, ते कशामुळे आणि त्यातलं आपल्या हातात काय, हे प्रश्न विचारणारं अभ्यासक्षेत्र गेल्या साठेक वर्षांत उभं राहिलं आहे. त्यात नव्याने येणाऱ्यांसाठी ही प्रस्तावना आहे. मानसशास्त्राच्या आणि समाजकार्याच्या विद्यार्थ्यांसाठी, बालरोगतज्ज्ञांसाठी, अंगणवाडीच्या ताईंसाठी आणि पर्यवेक्षिकांसाठी, आणि ज्यांच्या घरात या वयाचं मूल आहे त्या सगळ्यांसाठी. शेकडो मुलं हाताखालून गेलेल्या ताईला या विषयातलं जे कळतं ते पुस्तकात शिकलेल्याला कळायला वेळ लागतो, म्हणून वाचकांमध्ये तज्ज्ञ आणि बाकीचे असा भेदभाव मी केलेला नाही.

शाळेत जाण्याआधीच्या मुलाला मनाची अडचण ती कसली, असं बराच काळ तज्ज्ञही मानत. या समजाला पहिला मोठा धक्का दिला लंडनमधल्या एका पाहणीने. नाओमी रिचमन, जिम स्टीव्हनसन आणि फिलिप ग्रॅहम यांनी वॉल्थम फॉरेस्ट या भागातल्या तीन वर्षांच्या मुलांची घरोघर जाऊन माहिती घेतली आणि तीच मुलं आठ वर्षांची झाल्यावर पुन्हा पाहिली. १९८२ साली हे काम पुस्तकरूपाने आलं. तिथे तीन वर्षांच्या मुलांपैकी सुमारे ७ टक्के मुलांच्या अडचणी मध्यम ते गंभीर होत्या आणि आणखी १५ टक्क्यांच्या सौम्य. पुढचा आकडा त्याहून बोलका आहे. तिसऱ्या वर्षी अडचणीत असलेल्या मुलांपैकी साठ टक्क्यांच्या आसपास मुलं आठव्या वर्षीही अडचणीतच होती. म्हणजे 'सुटेल' म्हणणारी आजी दहापैकी चार मुलांबाबत बरोबर होती. उरलेल्या सहा जणांच्या आयांना मात्र कुणीतरी वेळेवर हात द्यायला हवा होता. भारतात बंगळूरच्या निम्हान्समधल्या संशोधकांनी ० ते १६ वयोगटाची मोठी पाहणी केली, तिचे निष्कर्ष २००५ मध्ये प्रसिद्ध झाले. सुमारे १२.५ टक्के मुलांत काही ना काही मानसिक किंवा वर्तनाची अडचण आढळली. तीन वर्षांच्या आतल्या मुलांत पुढे होत्या त्या रडताना श्वास धरणं, माती खाणं, बोलायला उशीर होणं, अशा तक्रारी. आपल्याकडच्या कुठल्याही लहान मुलांच्या दवाखान्यात रोज कानावर पडणाऱ्या या गोष्टी आहेत.

अडचण म्हणायची कशाला, हा या क्षेत्रातला सगळ्यात कठीण प्रश्न, आणि त्यावर थोडं रेंगाळायला हवं. कॅनडातल्या क्वेबेकमध्ये रिचर्ड ट्रेम्बले यांनी मुलांच्या मारामारीचा वर्षानुवर्षं मागोवा घेतला. माणसाच्या उभ्या आयुष्यात हात उगारणं, ढकलणं, ओरबाडणं यांचं प्रमाण सर्वांत जास्त असतं ते दोन-तीन वर्षांच्या वयात. पुढे ते उतरत जातं. मूल मारायला शिकत नाही, न मारायला शिकतं, असं त्यांचं म्हणणं. तेव्हा तीन वर्षांच्या मुलाने मारलं एवढ्यावरून काहीच ठरत नाही. आदळआपटीचंही तसंच. लॉरेन वॉक्श्लॅग यांच्या अमेरिकेतल्या अभ्यासात बहुतेक मुलं अधूनमधून आदळआपट करत होती, पण रोज करणारी दहा टक्क्यांहून कमी होती. म्हणून अनुभवी माणूस 'करतो का' यावर थांबत नाही. तो विचारतो, किती वेळा, किती वेळ, कशावरून, फक्त घरी की सगळीकडे, त्यात स्वतःला किंवा दुसऱ्याला इजा करतो का, आणि वादळ सरल्यावर पाच-दहा मिनिटांत पुन्हा खेळायला लागतो की पुढचा अर्धा दिवस घुसमटलेला राहतो. यातला शेवटचा प्रश्न सगळ्यात जास्त सांगून जातो, असं मला वाटतं. नेमका तोच विचारायचा राहतो.

अडचणींचे दोन ढोबळ गट करायची पद्धत थॉमस आखेनबाख यांच्या १९६० च्या दशकातल्या कामापासून रुळली : बाहेर फुटणाऱ्या आणि आत साठणाऱ्या. मारणं, मोडतोड, न ऐकणं, एका जागी न ठरणं, हे बाहेर फुटणारं. भीती, चिकटून राहणं, उदासी, न बोलणं, कारण न सापडणारी पोटदुखी, हे आत साठणारं. या क्षेत्राचं लक्ष, आणि पालक-शिक्षकांचंही, पहिल्या गटाकडे जास्त जातं, कारण त्याचा इतरांना त्रास होतो. दुसऱ्या गटातलं मूल कसं असतं ते बालवाडीत बसल्याशिवाय कळत नाही. एक मुलगी भिंतीला पाठ लावून बसते. गाण्याच्या वेळी ओठ हलत नाहीत. खाऊ हातात घेते, पण सगळे खात असताना खात नाही, घरी जाताना वाटेत खाते. लघवीला जायचं आहे हे सांगता येत नाही म्हणून चड्डी ओली होते. विचारलं तर ताई म्हणतात, "ती होय? गुणाची आहे, काही त्रासच नाही तिचा." तीच मुलगी घरी अखंड बडबडते आणि ताईंची नक्कलसुद्धा करून दाखवते. घर आणि बालवाडी या दोन ठिकाणची माहिती एकत्र ठेवल्याशिवाय ही अडचण कुणाच्याच लक्षात येत नाही. म्हणूनच रॉबर्ट गुडमन यांची १९९७ मधली पंचवीस प्रश्नांची छोटी प्रश्नावली असो की आखेनबाख यांची दीड ते पाच वर्षांसाठीची शंभर बाबींची मोठी, दोन्ही पालकांकडून आणि शिकवणाऱ्यांकडून वेगवेगळ्या भरून घेतात. दोघांची उत्तरं जुळत नाहीत तेव्हा कोण चुकतंय हे शोधत बसू नये. ती तफावत हीच माहिती असते.

आता जोखीम घटकांकडे, म्हणजे अडचणीची शक्यता वाढवणाऱ्या गोष्टींकडे. हा या क्षेत्राचा गाभा आहे, आणि इथेच आई-बापांवर सगळ्यात जास्त अन्याय होत आला आहे.

मूल जन्माला येतानाच एक ठेवण घेऊन येतं. अलेक्झांडर थॉमस आणि स्टेला चेस या दांपत्याने १९५६ पासून न्यूयॉर्कमध्ये १३३ मुलांचा बाळपणापासून अभ्यास केला. सुमारे ४० टक्के मुलं सहज रुळणारी, १५ टक्के हळूहळू मोकळी होणारी आणि १० टक्के सांभाळायला अवघड निघाली. उरलेली कुठल्याच गटात बसली नाहीत. पण त्यांचा खरा शोध या वर्गवारीचा नव्हता. अवघड स्वभावाचं प्रत्येक मूल पुढे अडचणीत येत नाही. स्वभाव आणि भोवतालची अपेक्षा यांचा मेळ बसला नाही की अडचण येते. त्याच शहरातल्या कष्टकरी पोर्टोरिकन कुटुंबांचा त्यांनी शेजारी ठेवून अभ्यास केला. तिथे मुलांनी केव्हा झोपावं याचा बाऊ नव्हता, त्यामुळे लहानपणी झोपेच्या तक्रारीच नव्हत्या. शाळेत वेळेवर उठायची वेळ आली तेव्हा त्या सुरू झाल्या. उलट 'फार चळवळ्या आहे' ही तक्रार याच घरांत जास्त होती, कारण खोल्या लहान, रस्ता धोक्याचा, मूल दिवसभर घरात कोंडलेलं. वन रूम किचनमध्ये चार वर्षांचं उड्या मारणारं पोर सांभाळणाऱ्या मुंबईच्या आईला हे समजावून सांगावं लागणार नाही.

रडताना श्वास धरणाऱ्या मुलाचं उदाहरण मी मुद्दाम जवळून दाखवतो, कारण जोखीम घटक एकमेकांत कसे गुंततात ते त्यात स्पष्ट दिसतं. दीड वर्षाचं मूल. हातातला मोबाइल काढून घेतला. ते रडतं, एक दीर्घ हुंदका देतं आणि आवाजच बंद होतो. ओठ निळे पडतात, अंग सैल पडतं, काही क्षण शुद्ध हरपते. मग श्वास सुरू होतो आणि दोन मिनिटांत मूल खेळायला लागतं. घरच्यांच्या तोंडचं पाणी मात्र पळालेलं असतं. कुणी कांदा हुंगवतं, कुणी दृष्ट काढतं. डॉक्टरांनी तपासून घ्यावं हे खरंच, पण बहुतेक मुलांत याने इजा होत नाही आणि शाळेच्या वयापर्यंत हे झटके थांबतात. शरीराची बाजू अशी की लोह कमी असलेल्या मुलांत हे झटके जास्त दिसतात आणि लोहाचं औषध दिल्यावर अनेकांत ते कमी होतात. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या २०१९-२१ च्या फेरीत देशातल्या सहा महिने ते पाच वर्षांच्या मुलांपैकी सुमारे ६७ टक्के मुलांना रक्तक्षय आढळला, हे इथे लक्षात ठेवायला हवं. आता घराची बाजू. असा झटका एकदा पाहिल्यावर कुणाची नाही म्हणायची छाती होत नाही. मूल रडायच्या बेतात आलं की मोबाइल परत हातात. बाप ओरडतो, आजी पदराखाली घेते, आई दोघांच्या मध्ये सापडते. रडलं की मिळतं, हे मूल शिकतं आणि दिलं की शांतता मिळते, हे घर शिकतं. ओरेगनमध्ये जेरल्ड पॅटरसन यांनी घराघरांत बसून ही साखळी टिपली. १९८२ च्या त्यांच्या ग्रंथात ती तपशिलाने आली आहे. दोन्ही बाजू एकमेकांना नकळत शिकवत राहतात आणि दर खेपेला पट्टी चढते. चार वर्षांचं झाल्यावर हेच मूल 'हट्टी' म्हणून आपल्यापुढे येतं. आता सांगा, कारण कोणतं? लोह, भीती, लाड, बापाचा आवाज की घरातला बेबनाव? अर्नॉल्ड समेरॉफ यांनी १९७५ पासून हेच मांडलं की मूल आणि भोवताल एकमेकांना घडवत जातात, म्हणून एका टप्प्यावरचा परिणाम पुढच्या टप्प्यावर कारण होतो. 'कुणामुळे झालं' हा प्रश्न या क्षेत्राने जवळजवळ सोडून दिला आहे, आणि माझ्या मते ही त्याची सगळ्यात मोठी कमाई आहे. गुंता इतका असेल तर सोडवायला धागेही तितकेच मिळतात. वरच्या घरात लोहाच्या औषधापासून सुरुवात करता येईल, आजीला समजावण्यापासूनही करता येईल.

आईची मनःस्थिती हा बारकाईने अभ्यासला गेलेला घटक आहे, आणि त्यातलं एक महत्त्वाचं काम गोव्यातलं आहे. विक्रम पटेल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तिथल्या बाळंतिणींचा अभ्यास केला. तो २००२ मध्ये प्रसिद्ध झाला. बाळंतपणानंतर सहा-आठ आठवड्यांनी २३ टक्के बायकांना नैराश्य होतं. त्यामागे पैशाची ओढाताण होती, नवऱ्याशी बिघडलेलं नातं आणि मारहाण होती, आणि झालेलं बाळ मुलगी असणं हेही त्या ओझ्यात भर घालत होतं. पुढच्या वर्षी प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार, अशा आयांची बाळं सहा महिन्यांची झाली तेव्हा वजन, उंची आणि मानसिक वाढ या तिन्हींत मागे पडलेली असण्याची शक्यता जास्त होती. हे निष्कर्ष तान्ह्या बाळांचे आहेत, बालवाडीच्या वयाचे नाहीत. पण चार वर्षांच्या मुलाची तक्रार ऐकताना त्याची आई चार वर्षांपूर्वी कोणत्या अवस्थेत होती, हे विचारण्याचं कारण त्यांनी आपल्याला दिलं. हे विचारताना आवाजात आरोपाची छटाही येऊ नये. या बाईला कुणी विचारलं होतं का, हा त्यामागचा भाव हवा.

एकेकट्या घटकाचं भय बाळगू नये. मायकेल रटर यांनी आइल ऑफ वाइट बेटावरच्या आणि लंडनच्या दाटीतल्या दहा वर्षांच्या मुलांत घरच्या सहा प्रतिकूल गोष्टी मोजल्या. आईबापांतली धुसफुस, गरिबी, घरातली गर्दी, बापाची गुन्हेगारी, आईचा मानसिक आजार आणि मुलाची परक्या ठिकाणी रवानगी. यांपैकी एकच असलेल्या मुलांत अडचणींचं प्रमाण इतरांपेक्षा वाढलेलं नव्हतं. दोन एकत्र आल्या की ते चौपट झालं. चार-पाच जमल्या की त्याहून पुष्कळ वर गेलं. हवाई बेटांपैकी कौआईवर एमी वर्नर यांनी १९५५ साली जन्मलेली ६९८ मुलं कित्येक दशकं पाहिली. अनेक प्रतिकूल गोष्टी सोसलेल्या मुलांपैकी तिसरा हिस्सा तरीही धडधाकट, कर्तीसवरती माणसं झाली. त्या मुलांच्या आयुष्यात निदान एक तरी भरवशाचं मोठं माणूस होतं, बहुधा आईबापांशिवाय आणखी कुणी, आजी, मावशी, शेजारी. ज्या घरांना 'जोखमीची' हे लेबल लागतं त्यांच्याविषयी बोलताना हा तिसरा हिस्सा विसरता कामा नये.

महाराष्ट्रात हे घटक कुठे एकत्र जमतात हे पाहायचं तर दिवाळीच्या आसपास बीड जिल्ह्यातल्या गावांत जावं. मुकादमाकडून घेतलेली उचल फेडायला नवरा-बायकोचा कोयता ऊसतोडीसाठी साखर कारखान्याच्या वाटेला लागतो. तीन-चार वर्षांचं मूल बरोबर गेलं तर पाचसहा महिने कोपीत राहतं. आई पहाटेच्या अंधारात फडात जाते. मूल पाचटावर, बांधावर, नाहीतर आठ वर्षांच्या बहिणीच्या कडेवर. मागे ठेवलं तर आजी-आजोबांजवळ, आणि आई मधूनमधून फोनवरचा आवाज होऊन भेटते. झोपेची वेळ, जेवणाची वेळ, अंगणवाडीतली ओळखीची ताई, सगळंच वर्षातून दोनदा तुटतं. अंगणवाडीच्या पोषण ट्रॅकरवर वजनाची नोंद होते, मूल गावी परतल्यावर आईला महिनाभर नजरेआड होऊ देत नाही याची कुठेच होत नाही. या मुलांवर लिहिणारा अभ्यासक मराठी असायला हवा, कारण उचल, कोपी, फड यांचा अर्थ ज्याला विचारून घ्यावा लागतो त्याला त्या आईशी बोलता येणार नाही.

आणि मराठीत या कामाला मोठा वारसा आहे. गिजुभाई बधेका यांच्याबरोबर भावनगरला काम केलेल्या ताराबाई मोडक यांनी १९४५ साली बोर्डीला बालशिक्षणाचं काम सुरू केलं. १९५७ मध्ये त्या आणि अनुताई वाघ ते कोसबाडच्या टेकडीवर घेऊन गेल्या. आदिवासी मुलं बालवाडीत येत नाहीत म्हटल्यावर त्यांनी बालवाडीच पाड्यातल्या अंगणात नेली. मोठ्या मुली धाकट्यांना सांभाळतात म्हणून शाळेत येत नाहीत, हे पाहून त्यांनी पाळणाघर, बालवाडी आणि प्राथमिक शाळा एकाच आवारात आणली आणि तिला विकासवाडी म्हटलं. जोखमीचे घटक एकत्र येतात तर उत्तरंही एकत्र यायला हवीत, ही गोष्ट त्यांनी शोधनिबंधांच्या आधी करून दाखवली. मुंबईत सर दोराबजी टाटा यांच्या नावाच्या समाजकार्य संस्थेत १९३७ सालीच बालमार्गदर्शन केंद्र सुरू झालं होतं. २ ऑक्टोबर १९७५ ला देशभरात ३३ प्रकल्पांनिशी एकात्मिक बालविकास सेवा योजना आली आणि 'अंगणवाडी' हे नाव सर्वत्र गेलं. वजन, लस आणि आहार यांची शिस्त त्या योजनेने रुजवली. मनाच्या वाढीला मात्र तितकी जागा मिळाली नाही.

उपाय चालतात का? चालतात, आणि त्यांतले काही आपल्या परिस्थितीला जवळचे आहेत. जमैकात किंग्स्टनच्या गरीब वस्त्यांत सॅली ग्रँथम-मॅकग्रेगर यांनी १९८० च्या दशकात वाढ खुंटलेल्या लहान मुलांच्या घरी आठवड्यातून एकदा आरोग्यसेविका पाठवल्या. त्या घरी बनवलेली खेळणी घेऊन जात आणि आईला मुलाशी खेळायला शिकवत. दोन वर्षं हे चाललं. बावीसाव्या वर्षी ही मुलं तपासली तेव्हा त्यांची बुद्धिमापनातली कामगिरी सरस होती आणि मारामाऱ्यांत त्यांचा सहभाग कमी होता. पाकिस्तानात रावळपिंडीच्या ग्रामीण भागात अतीफ रहमान यांनी गावातल्या आरोग्यसेविकांनाच नैराश्यातल्या आयांशी बोलायचं प्रशिक्षण दिलं. २००८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांत, बाळ सहा महिन्यांचं होईपर्यंत त्या आयांत नैराश्याचं प्रमाण २३ टक्क्यांवर आलं होतं, तर इतर आयांत ते ५३ टक्के होतं. बुखारेस्टच्या अनाथालयांतली मुलं कुटुंबांत वाढायला दिल्यावर साडेचार वर्षांच्या वयापर्यंत त्यांच्या आत साठणाऱ्या अडचणी निम्म्यावर आल्या, बाहेर फुटणाऱ्या मात्र फारशा हलल्या नाहीत. एकाच उपायाने सगळं सुधारेल ही अपेक्षा ठेवू नये, हे त्यावरून दिसतं.

मारण्याबद्दल मला संदिग्ध बोलायचं नाही. लहान मुलाला मारून त्याची आक्रमकता कमी होत नाही, वाढते. जगभरचे अभ्यास याच दिशेने बोट दाखवतात. २००९ च्या शिक्षणहक्क कायद्याने शाळेतल्या मारावर बंदी घातली, पण तो कायदा सहा ते चौदा वयाबद्दल बोलतो. त्याआधी गोव्यानेही २००३ च्या बालकायद्यात शाळांमधल्या शारीरिक शिक्षेला मनाई केली होती. सगळ्यात लहान, सगळ्यात कमी बोलता येणारी मुलं कायद्याच्या कडेला राहावीत, याची लाज वाटायला हवी.

ज्यांना सुरुवात करायची आहे त्यांनी आधी एका बालवाडीत पंधरा दिवस नुसतं बसावं. वही जवळ ठेवावी, पण मुलाला विशेषण लावू नये. 'हट्टी', 'बुजरा', 'आगाऊ' हे शब्द वहीत आले की खोडावेत आणि काय घडलं ते लिहावं : आधी काय झालं, मुलाने काय केलं, नंतर मोठ्यांनी काय केलं, किती वेळ. झोप विचारावी, तीन-चार वर्षांच्या मुलाला दिवसभरात दहा ते तेरा तास लागते. पडद्यासमोरचा वेळ विचारावा. जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ मध्ये दोन ते चार वर्षांच्या मुलांसाठी तासाभराची कमाल मर्यादा सांगितली आहे. ऐकू येतं का आणि दिसतं का, हे तपासून घ्यावं, कारण 'न ऐकणाऱ्या' काही मुलांना खरोखरच ऐकू येत नसतं. हिमोग्लोबिन तपासून घ्यावं. आणि मुलाविषयीचे सगळे प्रश्न संपले की आईला तिच्या स्वतःच्या झोपेविषयी, जेवणाविषयी आणि घरात तिच्याशी कोण बोलतं याविषयी विचारावं, आणि ते उत्तर मुलाच्या नोंदीच्या त्याच पानावर लिहावं.